घोडी तुकतुकीत, म्हशी तांबूस: मुळा-मुठेकाठच्या एका गोठ्याचं प्रकरण

तक्रार फॅटची होती. मांजरी आणि थेऊर यांच्या मधल्या पट्ट्यातला, मुळा-मुठेपासून हाकेच्या अंतरावरचा मुऱ्हा म्हशींचा गोठा. एरवी सातच्या खाली न येणारी फॅट उन्हाळा लागला तशी घसरत साडेपाचावर आली होती आणि संकलन केंद्रावर कुजबुज सुरू झाली होती की यांच्या दुधात पाणी पडतंय. गोठ्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, या बोलण्याने फार दुखावले होते. मला बोलावलं ते जनावर दाखवायला कमी आणि साक्षीला जास्त, असं वाटत होतं. त्यांची सून मात्र शांतपणे दुधाची वही घेऊन पुढे आली. "डॉक्टर, पाणी घातलं असतं तर एसएनएफ नऊला टिकला असता का?"

मुद्दा बिनतोड होता. एसएनएफ म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग. पाणी मिसळलं की फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात. इथे एकटी फॅट पडली होती. म्हणजे घोटाळा कॅनमध्ये नव्हता, म्हशीच्या आत होता.

गोठ्यात शिरल्यावर माझं लक्ष कासेकडे गेलंच नाही, केसांकडे गेलं. मुऱ्हा म्हैस काळी कुळकुळीत असावी. या म्हशींच्या बरगड्यांवर आणि डोळ्यांभोवती गंजासारखी तांबूस झाक होती. दुधाच्या म्हशींपेक्षा वगारींवर ती जास्त उठून दिसत होती, आणि एका म्हशीच्या नाकपुडीजवळ पांढरा डाग, ज्याला आपल्याकडे कोड म्हणतात, नुकता उमटू लागला होता. "उन्हानं करपल्यात," काका म्हणाले. उन्हाने म्हशीचा रंग उतरतो हे खरं. पण ही जनावरं दिवसभर पत्र्याच्या सावलीत बांधलेली असत, आणि डोळ्याभोवती चष्म्यासारखं कडं ऊन काढत नाही. शेण जरा पातळ. रवंथ चालू, पण आळसावलेला. तीन म्हशी वारंवार उलटत होत्या, म्हणजे भरवूनही गाभण राहत नव्हत्या.

मी पोचेपर्यंत बरंच काही करून झालं होतं. जंताचं औषध दिलेलं होतं. लिव्हर टॉनिकच्या बाटल्या कोपऱ्यात रांगेने उभ्या होत्या. मिनरल मिक्श्चर दुप्पट केलं होतं, आणि औषध दुकानदाराच्या सल्ल्याने "पोटातले चांगले जिवाणू वाढवणारी" यीस्टची पावडर आंबोणात पडत होती. आपल्याकडे पचनाची कुठलीही तक्रार झाली की हल्ली जिवाणू मेले असंच धरलं जातं आणि ते पुड्यांतून परत आणले जातात. या गोठ्यात ती समजूत नेमकी उलटी निघाली, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

गोठ्याच्या टोकाला एक घोडी बांधलेली होती. काकांच्या धाकट्या मुलाला बैलगाडा शर्यतीचा नाद, आणि आजोळ खेड तालुक्यातलं, म्हणून बारीवर बैलांपुढे पळवायची घोडी घरात आली होती. पाणी त्याच टाकीतलं, कडबाही तोच. पण अंगावर नजर ठरू नये अशी तिची कांती. काकूंचं म्हणणं, घोडीचे लाड होतात म्हणून. लाड होत होते हे दिसतच होतं, हरभऱ्याचा खुराक वेगळा होता. तरीही एकाच टाकीवर पाणी पिणाऱ्या दोन जनावरांपैकी एकाचा रंग उडतो आणि दुसरं चमकतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. दूध पिणारी रेडकंही काळीभोर होती. त्रास होता तो फक्त रवंथ करणाऱ्यांना.

बदललं काय, हे शोधायला सूनबाईंची वही कामाला आली. दुधाच्या नोंदींच्या समासात त्यांनी घरातले खर्चही टिपून ठेवले होते. फेब्रुवारीत जुनी विहीर आटली आणि नवीन बोअर सुरू झाली. त्याच महिन्याच्या शेवटी सरकी पेंड परवडेना म्हणून व्यापाऱ्याकडून डीडीजीएस आणायला सुरुवात झाली. इथेनॉलचे कारखाने वाढले तसा हा मक्याचा आणि तांदळाचा चोथा गावोगाव स्वस्तात मिळू लागला आहे. त्यात प्रथिनं भरपूर, म्हणून दूध टिकतं. चव लागावी म्हणून वरून थोडी मळी. वैरण नेहमीचीच: उसाचं वाढं, कडबा, थोडा मका. फॅट उतरायला लागली ती मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे या दोन्ही बदलांच्या पाठोपाठ.

घरच्यांचा संशय नदीवर होता, आणि त्यांना दोष देता येणार नाही. मुठा पुणे शहरातून वाहते, संगमावर मुळेला मिळते आणि पुढे बंडगार्डनचा बंधारा, मुंढवा, मांजरी, थेऊर असं करत भीमेकडे जाते. सगळं शेवटी उजनीत. वाटेत दोन महानगरपालिकांचं सांडपाणी तिच्यात येतं, काही प्रक्रिया होऊन, काही तसंच. मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेलं पाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतांना जातं. म्हशींना नदीचं पाणी पाजलंच जात नव्हतं, त्या तोंडच लावत नाहीत. पण काठच्या जमिनी वर्षानुवर्षं हेच पाणी पितात आणि बोअर त्याच जमिनीतून पाणी ओढते. "केमिकल असणार, डॉक्टर. शिसं, पारा, काहीतरी," मुलगा म्हणाला. त्याने इंटरनेटवर वाचून यादी करून ठेवली होती. शिसं तपासलं. रक्तात चिंता करावी असं काही निघालं नाही. गोचिडाच्या तापासाठी रक्ताचे नमुने आणि यकृतातल्या पर्णकृमींसाठी शेण तपासलं, तेही साफ.

इथेच बहुतेक तपास थांबतात. विष शोधलं, विष सापडलं नाही, म्हणून पाणी चांगलं. पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या बाबतीत बाहेरचा पदार्थ रक्ताला भेटण्याआधी दुसऱ्याच कुणाला तरी भेटतो.

मोठ्या म्हशीचं कोठीपोट, म्हणजे चारा आधी जिथे आंबतो ते पहिलं मोठं पोट, शंभर लिटरच्या वर सामान धरतं. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक हजार कोटी जिवाणू, शिवाय लाखांनी प्रोटोझोआ, बुरश्या आणि मिथेन बनवणारे आर्किया. म्हैस कडबा पचवत नाही, हे लोक पचवतात. ते आंबवताना जी आम्लं बनतात, ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक, त्यांतून जनावराला सुमारे ७० टक्के ऊर्जा मिळते. तिथे हवा नाही. त्यामुळे जो पदार्थ ऑक्सिजनचे अणू घेऊन आत येतो त्याच्यावर जिवाणूंच्या उड्या पडतात. नायट्रेट आलं तर त्याचं नायट्राइट करतात, मग अमोनिया. सल्फेट आलं तर डीसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरून सल्फाइड मागे ठेवतात. पोटात गेलेला पदार्थ आणि शरीराला भेटणारा पदार्थ वेगळे असतात, आणि प्रयोगशाळेला आपण पहिल्याचंच नाव कळवतो.

नळी घालून दोन म्हशींच्या कोठीपोटातलं पाणी काढलं. पीएच सहाच्या थोडा वर, म्हणजे आम्लता झालेली नाही. मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून घड्याळ लावलं. निरोगी पोटातले जिवाणू तीन ते सहा मिनिटांत त्या निळ्याचा रंग घालवतात, मेलेल्या पोटात तो तसाच राहतो. इथे रंग वेळेत गेला. सूक्ष्मदर्शकाखाली प्रोटोझोआ, अगदी मोठे सुद्धा, व्यवस्थित पळत होते. विषबाधेत किंवा आम्लतेत आधी मोठेच मरतात. पोट जिवंत होतं, खरं तर फारच जोमात होतं. मग बाटलीच्या तोंडावर लेड ॲसिटेटची ओली पट्टी धरली. ती बघता बघता काळी पडली. दुसऱ्या एका गोठ्यातून तुलनेसाठी आणलेल्या पाण्यावर धरलेली पट्टी जेमतेम तपकिरी झाली. ही घरगुती चाचणी आहे, तिने आकडा मिळत नाही. पण काय मोजायचं ते मिळालं. बोअरचं पाणी यावेळी शिशासाठी नाही, सल्फेटसाठी पाठवलं.

उत्तर आलं, लिटरला एक हजार मिलिग्रॅमच्या जरा आत. माणसांच्या पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० ला स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेतं. मोठ्या जनावरांना हजारापर्यंत चालतं असं पुस्तकं सांगतात. म्हणजे या अहवालावर कुणी लाल शेरा मारला नसता, आणि मारलेलाही नव्हता.

हे सल्फेट आलं कुठून, यावर काकांच्या ओसरीवर बराच खल झाला. आपल्या बेसॉल्ट खडकात ते मुळात फार नसतं. कपडे धुण्याच्या पावडरीत भर म्हणून सोडियम सल्फेट घालतात, ते शहरभरच्या मोऱ्यांतून नदीत जातं. माणसाच्या लघवीतून जातं. उसाच्या पट्ट्यात अमोनियम सल्फेट, जिप्सम आणि काही ठिकाणी मद्यार्काच्या कारखान्यांचं सांडपाणी शेतात पडतं. उन्हाळ्यात बोअरमध्ये हे सगळं आटून घट्ट होतं. एकाच्या नावावर टाकावं असं काही नाही. तसं पाहिलं तर एप्रिलमध्ये बंडगार्डनच्या पुलावरून जाताना जो सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच गोष्टीचा: नदीच्या तळाच्या गाळात हवा संपली की तिथले जिवाणू सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. त्याच घराण्यातले जिवाणू म्हशीच्या पोटात तेच काम करतात. काकूंना हे एकदम पटलं. टाकीतलं पाणी गढूळ दिसे म्हणून त्या रोज तुरटी फिरवत, आणि तुरटी म्हणजेही एक सल्फेट. त्याने पडणारी भर किरकोळ, पण तुरटीने सल्फेट जात नाही एवढं सांगणं गरजेचं होतं. उकळूनही जात नाही, टीसीएलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरनेही नाही.

आता तांब्याकडे येऊ. काळ्या केसाचा रंग मेलॅनिनचा, आणि मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज हे विकर तांब्यावर चालतं. तांबं कमी पडलं की म्हशीचे काळे केस तांबूस होतात, कोड उमटतं, वाढ खुंटते, गाभण राहण्यात अडचण येते. वैरणीत तांबं कमी असेल, तर ती थेट कमतरता. इथे तसं नव्हतं. सगळा आहार मिळून किलोला दहा मिलिग्रॅमच्या आसपास तांबं होतं, म्हणजे गरजेपुरतं, आणि दुप्पट मिनरल मिक्श्चर त्यावर. तरी ज्या जनावरांचं रक्त तपासलं त्यांत तांब्याचं प्रमाण असायला हवं त्याच्या निम्म्याच्या घरात. रक्तातलं तांबं तर सगळ्यात शेवटी पडतं. आधी यकृतातला साठा रिकामा होतो. म्हणजे गळती बरेच दिवस चालू असणार.

ही गळती इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. तिथल्या काही कुरणांवर गायी हगवणीने झुरत आणि त्यांचा रंग उडत असे. १९३८ मध्ये फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या गवतात मॉलिब्डेनम हा धातू जास्त आहे, आणि तांबं दिलं की गायी सुधारतात. पुढे पन्नासच्या दशकात ऑस्ट्रेलियात डिक यांनी मेंढ्यांवर दाखवलं की मॉलिब्डेनम एकटं हे करत नाही, त्याला सल्फेटची साथ लागते. मधली कडी कोठीपोटात आहे. जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात, ते मॉलिब्डेनमला चिकटून थायोमॉलिब्डेट बनतं, आणि ते तांब्याला असं घट्ट पकडतं की आतडं ते सोडवून घेऊ शकत नाही. मॉलिब्डेनम फारसं नसलं तरी सल्फाइड स्वतःच तांब्याशी जुळून न विरघळणारं कॉपर सल्फाइड करतं. या गोठ्यातल्या वैरणीत मॉलिब्डेनम बदनाम करण्याइतकं नव्हतं. बोट गंधकाकडेच जात होतं. बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल तर तेही याच कटात सामील होतं, पण इथे ते मामुली निघालं.

घोडीचं कोडंही इथे सुटतं. घोड्याचं आंबवण्याचं पोट शेवटी असतं, मोठ्या आतड्यात. खाल्लेलं तांबं आधी लहान आतड्यातून रक्तात जातं, मग उरलेलं सामान जिवाणूंच्या हाती लागतं. म्हशीत क्रम उलटा: जिवाणू आधी, आतडं नंतर. दूध पिणाऱ्या रेडकाचं कोठीपोट अजून तयारच झालेलं नसतं, दूध त्याला वळसा घालून पुढे जातं, म्हणून कोवळ्या वासरा-कोकरांना तांब्याचा बराच मोठा हिस्सा शोषता येतो. तेच जनावर वैरणीवर आलं की हा हिस्सा शंभरात एक ते पाचवर येतो. त्यामुळे दुधावरून वैरणीवर गेलेल्या, वाढीच्या वयातल्या वगारींना सगळ्यात आधी झळ लागली.

हिशेब मांडला तेव्हा सूनबाई वही घेऊन बसल्या होत्या, म्हणून आकडे सोपे ठेवले. उन्हाळ्यात म्हैस ६० लिटर पाणी पिते असं धरू. लिटरला एक ग्रॅम सल्फेट म्हणजे ६० ग्रॅम, त्यात गंधक तिसरा हिस्सा, २० ग्रॅम. डीडीजीएस तीन किलो. कारखान्यात आम्लता सांभाळायला गंधकाम्ल वापरतात, त्यामुळे त्यात गंधक बरंच असतं, आणि मालागणिक बदलतं. किलोला सात ग्रॅम धरलं तर २१. वैरण, पेंड आणि मळीतून आणखी वीसेक. सगळं मिळून साठ ग्रॅमच्या घरात, आणि कोरडा आहार साडेचौदा किलो. म्हणजे ०.४ टक्के. दुधाच्या जनावराची गरज ०.२ टक्के. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये दिलेली सहन होणारी वरची मर्यादा अशी: खुराक भरपूर आणि वैरण थोडी असेल तर ०.३, वैरण पुरेशी असेल तर ०.५. हा गोठा दोन्हीच्या मधे उभा होता.

ही मर्यादा दोन प्रकारची का, तर खुराकाने पोट आंबट होतं आणि आंबट पोटात सल्फाइडचा जास्त भाग वायू होऊन वर जमतो. म्हैस ढेकर देते, आणि ढेकरेतला बराचसा वायू पुन्हा श्वासात ओढते. तो यकृताला टाळून थेट रक्तात आणि मेंदूत पोचतो. त्यातून जनावर आंधळ्यासारखं करतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, फिट येऊन पडतं. पाणी किंवा खाद्य बदलल्यावर हे लगेच होत नाही, दोन-तीन आठवडे जातात, कारण सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची संख्या वाढायला आणि त्यांचा हात बसायला तेवढा वेळ लागतो. या गोठ्यात मेंदूपर्यंत गोष्ट गेली नाही. वैरण भरपूर होती, तिने वाचवलं. पण तांबं पळवायला ०.४ पुरेसं होतं. मेंढ्यांवरच्या जुन्या प्रयोगांत आहारातलं गंधक ०.१ वरून ०.४ वर नेल्यावर तांब्याची उपलब्धता साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने घटली होती.

पाण्याचा अहवाल एकटा पाहिला तर ठीक. डीडीजीएसची पिशवी एकटी पाहिली तर ठीक. बेरीज फक्त म्हशीच्या पोटात होत होती.

मात्र फॅट पडण्याचं खापर मी सल्फेटवर फोडणार नाही, आणि याबद्दल माझं एका सहकाऱ्याशी चांगलंच वाजलं. डीडीजीएसमध्ये तेल बरंच असतं, आणि ते असंतृप्त. कोठीपोटातले जिवाणू असंतृप्त चरबीत हायड्रोजन भरून ती संतृप्त करतात. तेल एकदम जास्त आलं की हे काम अर्धवट राहतं आणि मधल्या पायरीवरची काही आम्लं सुटून कासेपर्यंत जातात. त्यांतलं एक, ट्रान्स-१०, सिस-१२ लिनोलिक, कासेत चरबी बनवण्याची यंत्रणाच मंद करतं, आणि त्यासाठी ते दिवसाला काही ग्रॅम पुरतं. दूध तेवढंच, एसएनएफ तेवढा, फॅट मात्र खाली. सूनबाईंच्या वहीत हेच लिहिलेलं होतं. म्हणजे गोठ्यात दोन दुखणी होती, दोन्ही जिवाणूंच्या हातून झालेली, आणि एकाच महिन्यात सुरू झाल्यामुळे एक वाटणारी.

म्हणून उपचार एकदम केले नाहीत. आधी फक्त डीडीजीएस आणि मळी बंद केली, पेंड परत आणली. काकांनी पेंडीच्या भावावरून मला ऐकवलं, पण ऐकलं. तीन आठवड्यांत फॅट साडेसहाच्या वर गेली आणि केंद्रावरची कुजबुज थांबली. केसांचा रंग तसाच होता. मग पाणी बदललं. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी साठवून दुभत्या म्हशींना आणि वगारींना तेच, बोअरचं पाणी गोठा धुवायला. जिथे नळाचं पुरत नव्हतं तिथे अर्धं-अर्धं. यीस्ट, टॉनिक सगळं थांबवलं. तांबं सगळ्यांना दिलं नाही. ज्या दोन वगारी जास्तच खंगल्या होत्या त्यांना कोठीपोट टाळून इंजेक्शनने दिलं, कारण तोंडाने दिलेलं त्याच सापळ्यात अडकलं असतं. दुप्पट मिनरल मिक्श्चर वाया गेलं ते तसंच. बाकीच्यांचं ते पुन्हा नेहमीच्या मापावर आणलं.

तांबूस झालेला केस काळा होत नाही, नवा उगवावा लागतो. पावसाळाभर काहीच दिसलं नाही आणि मुलगा अस्वस्थ झाला. गणपतीनंतर कातडीलगत काळा पट्टा दिसू लागला, दिवाळीपर्यंत पाठी काळ्या झाल्या. ज्यांना इंजेक्शन मिळालं नव्हतं त्यांच्याही. नुसतं पाणी आणि खाद्य बदलून तांबं वर आलं, हे रक्ताच्या दुसऱ्या तपासणीतही दिसलं. उलटणाऱ्या तीन म्हशींपैकी दोन गाभण राहिल्या. त्याचं श्रेय काका मला देतात. मी घेत नाही. म्हशींचा माज पावसाळ्यानंतर आपोआपच चांगला येतो, त्या काहीही न करता लागल्या असत्या. नाकाजवळचं कोड अजून पूर्ण भरलेलं नाही.

जिवाणूंना खलनायक ठरवायचंही कारण नाही. थेऊरहून सोलापूर रस्त्याने पुढे गेलं की उरुळी कांचन लागतं. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये तिथे बाएफ ही शेती-पशुपालनावर काम करणारी संस्था उभी केली, आणि सुबाभूळ वैरण म्हणून रुजवण्यात बाएफचा मोठा वाटा आहे. सुबाभळीत मिमोसिन असतं, आणि त्याच्यापासून पोटात बनणारा डीएचपी हा पदार्थ थायरॉइड बिघडवतो. ऑस्ट्रेलियातली जनावरं सुबाभूळ खाऊन आजारी पडत, हवाईतल्या शेळ्या मात्र तीच खाऊन मजेत. रेमंड जोन्स यांना शंका आली की फरक शेळीत नाही, तिच्या पोटातल्या जिवाणूंत असावा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते पोटातलं पाणी ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना दिलं, आणि ती सुबाभूळ पचवू लागली. त्या जिवाणूला १९९२ मध्ये सिनर्जिस्टीस जोनेसी असं नाव मिळालं. तिथे जिवाणू नव्हता म्हणून त्रास, इथे होता म्हणून.

मारणारी प्रदूषकंही आहेतच. ग्लायफोसेट या तणनाशकाने मधमाशीच्या आतड्यातला स्नॉडग्रासेला हा कामाचा जिवाणू कमी होतो आणि मग साध्या संसर्गालाही माश्या बळी पडतात, हे २०१८ मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. तशा ठिकाणी हरवलेला जिवाणू परत देण्यात अर्थ आहे. इथे पोटात कुणी हरवलंच नव्हतं. सल्फेट मिळालं म्हणून सल्फेटवाले वाढले, ते थांबल्यावर ओसरले. दिवाळीत काढलेल्या पोटातल्या पाण्यावर धरलेली पट्टी तपकिरीच राहिली.

बातमी पसरल्यावर शेजारपाजारचे गोठेवाले तांब्याचं इंजेक्शन मागायला येऊ लागले. त्यांना आधी पाण्याची बाटली भरून आणायला सांगतो, आणि खाद्याच्या पिशवीवरचं लेबल. बहुतेकांना इंजेक्शन लागत नाही. काढणीनंतर शेतात मेंढ्या बसवायला आलेल्या एका मेंढपाळ मामांनीही विचारलं, लोकर विटल्यासारखी वाटते, मोरचूद पाण्यात टाकू का? मोरचूद म्हणजे तांब्याचंच सल्फेट. त्यांना ठाम नाही म्हटलं. मेंढीचं यकृत तांबं साठवत राहतं, फारसं बाहेर टाकत नाही, आणि एके दिवशी ते सगळं एकदम रक्तात सुटलं की लाल लघवी होऊन जनावर दोन दिवसांत जातं. त्यांच्या मेंढ्या त्या आठवड्यात काकांच्याच बोअरच्या हौदावर पाणी पीत होत्या. कळप कालव्यापलीकडच्या विहिरीवर न्यायला सांगितला, आणि मोरचूद पिशवीतच राहू द्या म्हटलं.